झाडे लावण्यापूर्वी : आपला माळ आणि परदेशी वनस्पती

मंडळाच्या मे महिन्यातील बैठकीत यंदाच्या वृक्षारोपणाचा विषय निघाला. वस्तीच्या पूर्वेकडील गायरानाच्या माळावर २०१६ साली आपण पाचशे रोपे लावली होती. माळाचा उरलेला निम्मा भाग अद्याप ओसाड पडून आहे, तेव्हा यंदा तेथेही पाचशे रोपे लावावीत, असा ठराव मांडण्यात आला. रोपवाटिकेतून रोपे विनामूल्य मिळणार होती, खड्डे खणण्यास तरुण मंडळी तयार होती. ठरावास विरोध फक्त आम्ही एकट्यांनी केला. झाडे लावण्यास विरोध करणारा मनुष्य पाहून सभासदांना नवल वाटणे साहजिकच होते. एका ज्येष्ठ सभासदांनी तर हसत विचारले, "काय हो, तुमच्या बँकेने आता सावलीवरही व्याज लावायचे ठरवले की काय?" अखेर ठराव पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाला आणि आमचे म्हणणे स्मरणिकेत सविस्तर मांडावे, असे ठरले. त्याप्रमाणे हा लेख.

आम्ही वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या काउंटरमागे बसलो आणि तेथेच वीस वर्षे गेली. परंतु २०१६ चा कार्यक्रम ज्यांनी पुढाकार घेऊन घडवून आणला, त्यांत आम्हीही होतो. त्या वर्षी राज्यभर वृक्षलागवडीची मोठी मोहीम सुरू झाली होती, सगळीकडे उत्साह होता. रोपांची यादी आजही मंडळाच्या फायलीत आहे व ती आमच्याच हस्ताक्षरात आहे : गिरिपुष्प ३००, सुबाभूळ १४०, गुलमोहर ५०, वड १०. पैकी वडाची दहाही रोपे पहिल्याच उन्हाळ्यात पाण्यावाचून गेली. बाकीची बहुतेक जगली. ती जगली याचा आम्हांस फार अभिमान वाटत असे.

या अभिमानास पहिला धक्का दिला तो वस्तीतील एका आजींनी. त्यांच्याकडे दोन शेळ्या. पावसाळा सरला की माळावरचे गवत कापून त्याच्या पेंढ्या बांधायच्या, काही शेळ्यांसाठी ठेवायच्या, बाकीच्या गोठेवाल्यांना विकायच्या, असा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता. दिवाळीनंतर त्या बँकेत येत आणि हजार-दीड हजार रुपये बचत खात्यात भरीत. स्लिप आम्हीच भरून देत असू. एका वर्षी त्या आल्या नाहीत, पुढल्या वर्षीही नाहीत. रस्त्यात भेटल्या तेव्हा आम्ही सहज विचारले. त्या म्हणाल्या, "दादा, तुमी झाडं लावली, बरं केलं. पर त्याच्या बुडी काय उगवंना झालंय. शेळी त्या उंदीरमारीच्या पाल्याला तोंड लावत न्हाई. आता म्या कुणाच्या बांधावर जाऊ?"

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही माळावर जाऊन पाहिले. लागवडीच्या भागात वर हिरवेगार, खाली वाळका पाला आणि उघडी माती. गवताची काडी नाही. लागवड न झालेल्या "ओसाड" भागात मात्र गुडघाभर गवत वाऱ्यावर डुलत होते. मग आम्ही वाचनालयातील पुस्तके आणून वाचू लागलो, जाणकारांस विचारू लागलो. त्यातून जे समजले ते येथे सांगत आहोत.

पहिली गोष्ट अशी की माळ म्हणजे झाडे तोडून उजाड झालेले रान नव्हे. आपल्या भागात वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरी. माळावर मातीचा थर वीतभर, त्याखाली मुरूम. अशा ठिकाणी दाट जंगल निसर्गतःच होत नाही. तेथे गवत वाढते आणि त्यात अंतराअंतराने एखादे हिवराचे झाड, बोर, बाभूळ, तरवडाचे झुडूप. हे स्वतंत्र आणि जुने असे रान आहे. त्याचा मुख्य रहिवासी गवत : मारवेल, पवना, शेडा, कुसळी. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून वरून जनावरांनी खाल्ले किंवा विळ्याने कापले तरी ते पुन्हा फुटते. मुळांचे जाळे मुरमाला घट्ट धरून ठेवते आणि पावसाचे पाणी सावकाश मुरू देते. झाडाची दाट सावली पडली की मात्र ते खचते, कारण माळावरच्या गवताला ऊन हवे.

मग या रानाला ओसाड म्हणण्याची सवय आपल्याला लागली कोठून? पीककर्जाची प्रकरणे हाताळताना रोज सातबाऱ्याचे उतारे आमच्या हातांखालून जातात. त्यात पोटखराबा म्हणून एक रकाना असतो. पिकाखाली न येणारी जमीन त्यात जाते. इंग्रजांच्या महसूल पद्धतीत जी जमीन सारा देत नाही ती पडीक, असा सरळ हिशेब होता. स्वातंत्र्यानंतरही तो शब्द कागदावर राहिला, आणि गवताळ माळ सरकारी नकाशांतही पडीक जमिनीत मोजले गेले. कागदावर जे पडीक, तेथे काहीतरी लावले पाहिजे, असे वाटणे मग ओघानेच आले. आपणही तेच केले. आजींच्या पेंढ्यांसाठी सातबाऱ्यावर रकाना नाही.

गवतावर केवळ शेळ्या जगत नाहीत. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांच्या रंगाची अंडी घालते. चंडोल गवताच्या बुडाशी, गुराच्या खुराने पडलेल्या खळग्यातही घरटे करतो. खोकड, ससा, लांडगा, काळवीट हे सारे मोकळ्या नजरेच्या मुलखातले प्राणी. दूरवर दिसणे हेच त्यांचे संरक्षण किंवा शिकारीचे साधन. अशा ठिकाणी ओळीने झाडे उभी केली की कावळ्यांना बसावयास उंच जागा मिळते आणि तेथून जमिनीवरील अंडी त्यांना हेरता येतात. माणसाने एकही पक्षी मारलेला नसतो, तरी पक्षी कमी होतात.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. सोलापूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर नान्नज येथे माळढोक पक्ष्याचे अभयारण्य आहे. ते १९७९ साली घोषित झाले. त्या वेळी सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात धरले होते, शेते आणि गावे यांच्यासकट. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. माळढोक हा सुमारे मीटरभर उंचीचा, नर तर बारा-पंधरा किलो वजनाचा पक्षी. मादी साधारणतः एका वेळी एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणजे एक अंडे फुटले की त्या वेळची सारी विणच गेली. आपल्या जिल्ह्यांत कालवे आले, ऊस आला, माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही व शरीर जड, त्यामुळे तारांवर आदळून तो मरतो. त्यातच उरलेल्या माळावर झाडे लावण्याचे कार्यक्रम झाले, नान्नजच्या परिसरातही परदेशी झाडे लावली गेली. आज महाराष्ट्रातून हा पक्षी जवळजवळ गेल्यात जमा आहे, आणि देशभर मिळून तो दीडशेच्या आत उरला आहे असे मानतात. झाडांमुळेच तो गेला असे आम्ही म्हणत नाही. शिकार, शेती, तारा, मोकाट कुत्री, सारेच त्यास कारण. पण वृक्षारोपण हे नेहमी जमेच्याच बाजूला लिहावयाचे असते, ही आमची समजूत मात्र या वाचनाने गेली.

आता परदेशी वनस्पतींविषयी. विद्यार्थी मित्रांनी येथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा. कोण कोठे जन्मला यावरून त्याला हीन ठरविणे आपल्या मंडळीस रुचणार नाही, आणि वनस्पतींच्या बाबतीतही ते बरोबर नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग हे सगळे अमेरिका खंडातून आले. त्यांच्याशिवाय आपला स्वयंपाक होणार नाही. ही पिके शेतात लावली तर उगवतात, रान व्यापत नाहीत. काही वनस्पती मात्र नव्या मुलखात आल्यावर कोणी न लावता पसरत जातात आणि तेथील मूळच्या वनस्पतींची जागा घेतात. प्रश्न त्यांच्या जन्माचा नसून त्यांच्या वर्तनाचा आहे.

त्या अशा का पसरतात? आपल्या मूळ मुलखात प्रत्येक वनस्पतीला खाणारे किडे, रोग, जनावरे असतात. हजारो वर्षांच्या सहवासात त्यांचा जमाखर्च जुळलेला असतो. आपल्याकडची रुई घ्या. तिचा चीक विषारी, गुरे तोंड लावत नाहीत. पण बिबळ्या कडवा नावाच्या फुलपाखराची अळी तिचीच पाने खाऊन वाढते, इतकेच नव्हे तर ते विष अंगात साठवून पक्ष्यांपासून स्वतःचा बचाव करते. नव्या मुलखात आलेल्या झाडाला असा कोणी खाणारा भेटत नाही. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर ज्या खात्यातून कधीच पैसे काढले जात नाहीत असे ते खाते. मुद्दल आणि व्याज मिळून फुगतच जाते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर अळ्यांना तो पाला चालत नाही, आणि अळ्या नाहीत म्हणून पिल्लांना भरवावयास पक्ष्यांना चारा नाही. घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरे पुष्कळ दिसतात म्हणून कोणी तिची बाजू घेतात. फुलपाखरे तेथे मध पिऊन जातात हे खरे. पण त्यांच्या अळ्यांसाठी ती उपयोगाची नाही. खाणावळ आहे, बाळंतपणाची सोय नाही.

ही घाणेरी, जिला टणटणीही म्हणतात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलेली. बुलबुलांनी फळे खाल्ली आणि बिया रानोमाळ गेल्या. आज देशातील किती तरी जंगलांत तिची जाळी माजली आहे. तिच्याखाली गवत उगवत नाही, म्हणून हरणांना चारा नाही. गुरांनी ती खाल्ल्यास यकृतास अपाय होतो. जलपर्णीचीही तीच कथा. दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती जांभळ्या फुलांसाठी आणली गेली आणि नद्या-तळ्यांवर पसरली. पाण्यावर तिचे झाकण बसले की खाली ऊन जात नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात, डास वाढतात. पण येथे दोष तिला एकटीला देऊन चालणार नाही. शहरांचे सांडपाणी नदीत सोडून आपण तिला रोजचे जेवण वाढीत असतो.

गाजर गवत तर प्रत्येकाच्या दाराशी आहे. मूळचे मेक्सिकोकडील हे तण आपल्याकडे ठळकपणे नोंदले गेले ते पुण्यात, १९५५ साली. अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतील गव्हाबरोबर ते आले असे सर्रास सांगितले जाते. आम्हीही तेच सांगत असू. पण तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे गवत आधी आणि करार नंतर! अमेरिकेचा गहू त्यापूर्वीही, १९५१ च्या मदतीपासून येत होता, तेव्हा त्यातून आले असणे शक्य आहे. असो. महिना-सव्वा महिन्यात ते फुलावर येते आणि एका झाडापासून पंधरा-पंचवीस हजार बिया पडतात. मुळांतून व पाल्यातून जी द्रव्ये मातीत उतरतात ती शेजारच्या रोपांना उगवू देत नाहीत. माणसाला त्याचा त्रास वेगळाच. त्याच्या स्पर्शाने अंगावर चट्टे उठतात, परागाने दमा वाढतो. निंदणीस जाणाऱ्या बायकांना हे सांगावयास नको. त्यांचे हात पाहिले की कळते.

या गवतावरचा एक उपाय मात्र आम्हांस फार उद्बोधक वाटला. त्याला दाबण्यासाठी तरवट्याचे बी टाकावे असा सल्ला दिला जात असे. तरवटा दाट उगवतो व गाजर गवतास जागा देत नाही. परंतु त्यासाठी वापरलेल्या तरवट्यांतील एक जात स्वतःच अमेरिका खंडातील निघाली. तिने गाजर गवत हटविले आणि मग तीच माळामाळावर पसरली. गुरे तिलाही खात नाहीत. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मेक्सिकोतून आणलेले भुंगेरे अधिक विचाराने वापरले गेले. १९८४ च्या सुमारास बंगळूरकडे ते प्रथम सोडण्यात आले. पावसाळ्यात ते गाजर गवताचा पाला खाऊन चाळणी करतात. पुढे ते आपोआपही सर्वत्र पसरले. आपल्या बसस्थानकामागे पिवळसर अंगावर काळ्या वेलांट्या असलेला भुंगेरा दिसला तर मुलांनी तो मारू नये.

वेडी बाभूळ हा जरा अवघड प्रश्न आहे. तिच्या शेंगा शेळ्यामेंढ्या आवडीने खातात आणि लेंड्यांतून बी सगळीकडे पेरतात. ओढे, पाझर तलावांचे काठ, गायराने तिने गिळली. काटा असा की सायकलच्या टायरात शिरतो. पण वस्तीतील कित्येक चुली तिच्याच सरपणावर चालल्या आहेत हे विसरून "ती समूळ नष्ट करा" असे फर्मान काढणे आम्हांस पटत नाही. जिच्या घरी गॅसची टाकी संपली की तीन महिने नवीन येत नाही, तिला विचारल्यावाचून असा ठराव होऊ नये.

आता आपल्या यादीकडे येऊ. गिरिपुष्प, ज्याला लोक उंदीरमारी म्हणतात, हे मध्य अमेरिकेतील झाड. ते वाईट आहे असे नाही. हवेतील नत्र मुळांच्या गाठींत धरते, त्याच्या पाल्याचे हिरवळीचे खत चांगले होते, शेताच्या बांधावर ते उपयोगी आहे. जनावरे खात नाहीत, पाणी मागत नाही, फांदी खोचली तरी जगते. म्हणून लागवडीचे आकडे पूर्ण करण्यास ते सर्वांना सोयीचे वाटते. जगले किती, एवढेच विचारले जाते. पुण्याच्या टेकड्यांवरही ते याच कारणाने लागले. सुबाभळीचा एके काळी फार बोलबाला होता. जनावरे तिचा पाला खातात, परंतु त्यातील मायमोसीन नामक द्रव्यामुळे तो एकटाच सतत घातला तर त्यांचे केस गळतात. शेंगा धरून तिचे बी इतके पडते की आपल्या १४० झाडांखाली आज हजारो रोपटी आहेत आणि ती लागवडीची हद्द ओलांडून उरलेल्या गवताकडे सरकत आहेत. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तो बापडा पसरत नाही, वादळात मोडून पडतो एवढेच.

गेल्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीची रीतसर परवानगी घेऊन आम्ही व चार विद्यार्थ्यांनी लागवडीच्या कडेचा एक लहान तुकडा मोकळा करून पाहिला. गिरिपुष्पाची वीस झाडे तोडली. ती बुडातून पुन्हा फुटतात, म्हणून खणून काढावी लागली. सुबाभळीची रोपटी पहिल्या पावसानंतर माती ओली असताना उपटली. तेव्हा ती मुळासकट येतात. सर्वांत प्रथम तेथे उगवले ते गाजर गवत आणि तरवटा. विद्यार्थी निराश झाले. फुलावर येण्यापूर्वी हातमोजे घालून ते दोनदा उपटले. पलीकडच्या माळावरून मार्गशीर्षात जमविलेले मारवेल व शेड्याचे बी त्याआधीच टाकून ठेवले होते. कुसळी तर कोणी न टाकता, आमच्या पायजम्यांना चिकटूनच आली असावी.

आमची सूचना एवढीच आहे. यंदाची पाचशे रोपे नाकारू नयेत, बदलून मागावीत. कडुनिंब, करंज, चिंच, आंबा घ्यावेत आणि ते माळावर न लावता वस्तीतील रस्ते, शाळेचे आवार, समाजमंदिराचे अंगण, स्मशानभूमी येथे लावावेत, जेथे सावली हवी आहे व पाणी घालणारा माणूस जवळ आहे. एवढ्या जागेत दोनशेच मावली तर दोनशेच लावावीत. माळावर कुठे लावावयाचेच असेल तर हिवर, बोर, असे मोजके, दूर दूर. सुबाभळीची रोपटी जुलैमध्ये उपटण्याचे काम विद्यार्थी मंडळाने दर रविवारी दोन तास याप्रमाणे घ्यावे. उरलेल्या निम्म्या माळावर खड्डा खणू नये. ठराव पुढील बैठकीत येईल तेव्हा सभासदांनी आधी एकदा माळावर जाऊन दोन्ही भाग डोळ्यांनी पाहावेत, मग मत द्यावे.

तो मोकळा केलेला तुकडा लागवडीच्या उत्तर टोकाला, विहिरीच्या वाटेवर आहे. दिवाळीनंतर आजी तेथून दोन पेंढ्या कापून घेऊन गेल्या. विकण्याइतक्या नव्हत्या, शेळ्यांना चार दिवस पुरल्या.